रिद्धपूर : एका खेड्याची सातशे वर्षांपूर्वीची नोंदवही

वऱ्हाडात पाहुणा आला की त्याला दाखवायच्या जागा ठरलेल्या असतात. अमरावतीकडून आला तर चिखलदरा आणि गाविलगड, अकोल्याकडून आला तर नरनाळा. जुन्या दगडांची आवड असेल तर बार्शीटाकळीचे कालिका मंदिर आणि तिथला शके १०९८चा शिलालेख, दर्यापूर तालुक्यातले लासूरचे आनंदेश्वर मंदिर, बाळापूरचा किल्ला आणि मिर्झा राजा जयसिंगांच्या नावाशी जोडलेली छत्री. या यादीत रिद्धपूर सहसा नसते. मोर्शी तालुक्यातले हे गाव. आसपास काळी जमीन, कपाशी, तूर, संत्र्याचे बगीचे. गावात शिरल्यावर किल्ला लागत नाही, कोरीव लेणे लागत नाही. लागतात ते ओटे आणि त्यांवर बांधलेली लहानमोठी मंदिरे. काळ्या वस्त्रांतले महानुभाव भिक्षू एका ओट्यापाशी थांबतात, डोके टेकवतात आणि पुढच्या ओट्याकडे निघतात. पहिल्यांदा गेलेल्या माणसाला कळत नाही की हे नमस्कार नेमके कशाला चालले आहेत. ओट्यावर पाहावे तर पुष्कळदा मूर्ती नसते.

नमस्कार जागेला असतो. इथे कोणी बसले होते, तिथे कोणी जेवले होते, पलीकडच्या वळणावर कोणी हट्ट धरून उभे राहिले होते. सातशे वर्षांपूर्वी या गावात एक माणूस राहत होता आणि तो कुठे काय करत होता हे त्याच्या माणसांनी लिहून ठेवले. मराठी मुलखात किल्ल्यांची, राजांची, घराण्यांची लिखिते पुष्कळ आहेत. खेड्याचा, आणि तोही तेराव्या शतकातल्या खेड्याचा, रोजचा दिवस लिहून ठेवलेला सापडणे ही गोष्ट वेगळी. रिद्धपूरची थोरवी मला या लिखितात दिसते. तिथे आता जे बांधायचे बेत चालले आहेत, ते या दृष्टीनेही तपासले जावेत असे वाटते.

गाव त्या माणसाच्याही आधीचे आहे. वाकाटक घराण्यातली राणी प्रभावतीगुप्ता ही दुसऱ्या चंद्रगुप्ताची मुलगी आणि दुसऱ्या रुद्रसेनाची पत्नी. तिचा एक ताम्रपट रिद्धपूरला मिळाला. तिच्या मुलाच्या, म्हणजे दुसऱ्या प्रवरसेनाच्या, एकोणिसाव्या राज्यवर्षात हे दान दिले गेले, आणि ते दिले रामगिरीच्या स्वामीच्या चरणांशी. रामगिरी म्हणजे आपले रामटेक. नल राजा भवदत्तवर्मा याचाही ताम्रपट याच गावातून आला. वासुदेव विष्णु मिराशी यांनी वाकाटकांचे कोरीव लेख संपादित केल्यापासून हे सारे अभ्यासकांच्या हाताशी आहे. अकबराच्या काळात रिद्धपूर हा वऱ्हाड सुभ्याच्या गाविल सरकारातला एक परगणा होता. रितपूर, रिधपूर, ऋद्धिपूर अशी नावे बदलत गेली. पण ताम्रपटात दान देणारी राणी असते, दान घेणारा ब्राह्मण असतो, दिलेल्या गावाचे नाव असते. त्या गावात सकाळी कोण उठत होते, कोण दळत होते, पाण्याला कोण कुठे जात होते, हे त्यात येत नाही. ते यायला आणखी आठशे वर्षे जावी लागली.

तेराव्या शतकात रिद्धपुरात गुंडम राऊळ नावाचे एक गृहस्थ होते. गृहस्थ म्हणायचे ते आदराने, कारण संसार त्यांनी केला नाही. जन्म जवळच्या काटसुऱ्याचा. लहानपणीच आईवडील गेले आणि नातेवाइकांनी सांभाळले. शिकण्यासाठी ते रिद्धपूरला आले आणि तिथेच राहिले. महानुभाव पंथ त्यांना श्रीगोविंदप्रभू म्हणतो, पंचकृष्णांपैकी एक मानतो. गावाला मात्र ते वेडे वाटत, आणि गाव त्या वेडावर जीव लावून होते. ते कोणाच्याही घरात शिरत, चुलीवरच्या भांड्याचे झाकण काढून पाहत, पोरांबरोबर खेळत, बाजारातल्या दुकानातून मनाला येईल ते उचलून खात. देवळातल्या मूर्तींशी बोलत आणि रुसतही. बोलणे तुटक. तोंडात एक लाडकी शिवी, ती माणसांनाही आणि देवांनाही सारखीच. स्वतःशी बोलताना आधी नको म्हणत, मग हो म्हणत. त्यांच्या चरित्रात अशा तीनशेहून अधिक लीळा आहेत आणि त्यांतल्या बहुतेकांचे रंगस्थळ हे एकच गाव आहे.

गुजरातेतल्या भडोचहून निघालेले चक्रधर रामटेकच्या यात्रेच्या निमित्ताने इकडे आले आणि रिद्धपुरात त्यांची गुंडम राऊळांशी भेट झाली. पंथाच्या श्रद्धेनुसार चक्रधरांना शक्ती मिळाली ती याच भेटीत. प्रभावतीगुप्तेचे दान रामगिरीच्या पायाशी दिले गेले आणि त्याचा पट रिद्धपुरात निघाला, चक्रधर निघाले रामटेकला आणि पोहोचले रिद्धपूरला. या दोन गोष्टींचा एकमेकींशी संबंध जोडण्याचा मोह होतो, पण तो आवरलेला बरा. एवढेच म्हणता येईल की रामटेकशी या गावाचे नाते दोन अगदी वेगळ्या काळांत, दोन अगदी वेगळ्या कारणांनी आले.

पुढे चक्रधरांनी आपल्या माणसांना सांगून ठेवले होते की मी नसेन तेव्हा रिद्धपूरला श्रीप्रभूंच्या सेवेला जा. १२७४च्या सुमारास चक्रधर गेले. नागदेवाचार्य, म्हाइंभट, महदाइसा, आबाइसा अशी मंडळी या गावात आली आणि दशकभराहून अधिक काळ इथे राहिली. हे लोक बाहेरचे होते, बरेचसे गोदावरीकाठचे. वऱ्हाडातल्या एका खेड्यात ते येऊन राहिले, भिक्षा मागून जेवले, एका वेड्या वाटणाऱ्या म्हाताऱ्याची उठबस करत राहिले. त्याला रांधून घालणे, न्हाऊ घालणे, तो रुसला तर समजावणे, तो निघून गेला तर शोधायला जाणे. मराठीतल्या पहिल्या गद्य ग्रंथाची तयारी या उठबशीत झाली.

म्हाइंभट मूळचे विद्वान, नगरकडच्या सराळ्याचे. चक्रधरांच्या आठवणी गोळा करण्याचे काम त्यांनी अंगावर घेतले आणि त्यासाठी ते ज्याला ज्याला आठवणी ठाऊक होत्या त्याच्याकडे गेले. ऐकलेले नागदेवाचार्यांपुढे ठेवून तपासून घेतले. जिथे दोन माणसांच्या आठवणी जुळत नव्हत्या, तिथे महानुभावांनी दोन्ही ठेवल्या आणि कोणाची आठवण कोणती हेही सांगितले. या पाठभेदांना पंथात ‘वासना’ म्हणतात. शोधनिबंधाची शिस्त म्हणून आज विद्यार्थ्यांना जे शिकवले जाते, त्यातले निम्मे इथे आहे. परंपरा सांगते की लीळाचरित्राचे हे लेखन रिद्धपुरात वाजेश्वरीपाशी झाले. शके १२००, म्हणजे १२७८, हे वर्ष सामान्यतः दिले जाते. अभ्यासकांमध्ये थोडे पुढेमागे आहे, पण ज्ञानेश्वरीच्या शके १२१२ या वर्षाआधीचा हा ग्रंथ आहे, हे बहुतेक मानतात.

गुंडम राऊळ गेले १२८७च्या सुमारास, आणि त्यांचेही चरित्र म्हाइंभटांनी सिद्ध केले. तेच ऋद्धिपूरलीळा या नावाने ओळखले जाते. गावाच्या नावाने ओळखले जाणारे चरित्र ही गोष्ट लक्षात ठेवण्यासारखी आहे. चक्रधर सतत फिरत असत, त्यामुळे लीळाचरित्र वाटेवरचे पुस्तक झाले. गुंडम राऊळ जवळजवळ एका जागी राहिले, त्यामुळे त्यांचे चरित्र गावाचे पुस्तक झाले.

त्यात माणसे कोणती येतात? उपाध्ये येतात, व्यापारी येतात, बाजारात बसणारे येतात, पाण्याला जाणाऱ्या बायका येतात. घरी दुसरे कोणी नसलेल्या एका बाळंतिणीला राऊळांनी सुईणीसारखी मदत केल्याची लीळा आहे. गाव त्यांना आई आणि बाप म्हणून हाक मारी, ते अशाच प्रसंगांमुळे. आणखी एक लीळा मला फार मोलाची वाटते. मातंगांच्या वस्तीला पाण्याचे दुर्भिक्ष होते. ते राऊळांकडे आले आणि पाणी मागितले. राऊळांनी जागा दाखवली, त्यांनी खणले, पाणी लागले. राऊळ मातंगांच्या घरी जातात आणि तसेच सोवळ्यातल्या घरांतही शिरतात, म्हणून गावातल्या काहींनी कुरकुर केली, हेही लिहिलेले आहे. चरित्रकारांनी कुरकूर झाकली नाही. एरवी तेराव्या शतकातल्या गावकुसाबाहेरच्या माणसाला पाण्याची अडचण होती हे सांगणारा कागद आपल्याला कुठून मिळणार होता? दानपत्रात विहीर आली तर ती खणवणाऱ्याच्या पुण्यासाठी येते. इथे ती तहानलेल्यांच्या मागणीवरून आली आहे.

महदाइसेचे धवळेही याच गावातले. म्हातारपणी राऊळांना लग्न करून घेण्याची लहर आली आणि ती लहर सेवेकऱ्यांनी खेळासारखी साजरी केली. त्या वेळी महदाइसेने कृष्ण-रुक्मिणीच्या विवाहाची गाणी रचून म्हटली. मराठीतली पहिली कवयित्री म्हणून तिचे नाव घेतले जाते. रुक्मिणीचे माहेर कौंडिण्यपूर, तेही आजच्या अमरावती जिल्ह्यातच, वर्धा नदीच्या काठी. गोदावरीकाठून आलेल्या विधवेने वऱ्हाडाच्या लेकीचे लग्न वऱ्हाडातल्या गावात, एका संन्याशाच्या लटक्या लग्नात गायले. वाङ्मयाच्या इतिहासात ही हकिकत दोन ओळींत संपते. ती ज्या अंगणात घडली त्या अंगणात उभे राहिले म्हणजे ती हकिकत एवढ्यात संपत नाही.

आता ओट्यांकडे परत येतो. देव डोळ्यांपुढे नसताना काय धरून राहायचे, या प्रश्नाला महानुभावांनी चार उत्तरे दिली : स्थान, प्रसाद, भिक्षुक आणि वासनिक. म्हणजे ज्या जागेला त्यांचा स्पर्श झाला ती जागा, त्यांच्या हातची वस्तू, त्यांच्या मार्गाने चालणारा संन्यासी आणि गृहस्थ अनुयायी. यात स्थान पहिले. त्यामुळे जागा अचूक ठाऊक असणे हा उपासनेचाच भाग झाला. ‘गावात कुठेतरी’ म्हणून चालेना. कोणत्या देवळाच्या कोणत्या बाजूला, दार कोणत्या दिशेला, पायरीपासून किती जवळ, हे कळायला हवे.

या गरजेतून चौदाव्या शतकात स्थानपोथी तयार झाली. मुनिव्यास कोठी यांच्या नावावर ती आहे. चक्रधर जिथे जिथे गेले त्या गावांची आणि तिथल्या जागांची ही पोथी. तिची भाषा अगदी कोरडी आहे. देऊळ पूर्वाभिमुख की पश्चिमाभिमुख, त्याच्या समोर मठ आहे की नाही, नगराच्या कोणत्या दिशेला आहे, आत कुठे आसन होते. रात्रभर मुक्काम झाला तर वसतिस्थान, बसले तर आसनस्थान, जेवले तर आरोगणेचे स्थान. शौचाला गेले ती जागासुद्धा परिश्रयाचे स्थान म्हणून नोंदलेली आहे. पहिल्यांदा वाचताना हसू येते. मग ध्यानात येते की गावाची हद्द कुठे संपत होती, वस्ती कुठपर्यंत होती, हे या नोंदीइतके बिनचूक दुसरे काहीच सांगत नाही. भक्ताने लिहिलेली ही पोथी मोजणीदाराच्या फिल्डबुकासारखी वाचता येते. पुढे नारायण व्यास बहाळिये यांनी ऋद्धिपूरवर्णन हे काव्य लिहिले आणि ते पंथाच्या साती ग्रंथांत गणले गेले. एखाद्या देवाला किंवा राजाला नायक न करता गावाचेच वर्णन करणारे काव्य. त्या सातांपैकीच ज्ञानप्रबोध हा ग्रंथ लिहिणारे विश्वनाथ बाळापूरकर अकोल्याकडच्या बाळापूरचे.

युरोपात खेड्याचा इतिहास लिहिण्याची मोठी परंपरा आहे. इंग्लंडातल्या खेड्यांना आपले नाव १०८६च्या डोम्सडे नोंदवहीत सापडते तेव्हा फार आनंद होतो. ती नोंदवही राजाच्या करवसुलीसाठी होती : नांगर किती, गिरण्या किती, किंमत किती. फ्रान्समध्ये पिरेनीज डोंगरातले माँतायू नावाचे खेडे आहे. एमान्युएल ल रॉय लादुरी या इतिहासकाराने १९७५ साली त्या खेड्यावर लिहिलेले पुस्तक जगभर वाचले गेले. तिथले मेंढपाळ, विधवा, पाद्री, त्यांची भांडणे आणि प्रेमप्रकरणे, सगळे त्यात आहे. पण ते कळले कसे? झाक फुर्निये नावाच्या बिशपाने १३१८ ते १३२५ या काळात पाखंडाच्या संशयावरून माणसांच्या जबान्या घेतल्या, त्या दफ्तरातून. माँतायूची माणसे बोलली ती भीतीने. तो बिशप पुढे पोप झाला. रिद्धपूरची नोंद माँतायूच्या थोडी आधीची. ती ना कराच्या कामासाठी झाली, ना चौकशीच्या. एक माणूस गेला आणि ज्यांना तो हवा होता त्यांनी तो कुठे कुठे होता हे एकमेकांना विचारून लिहून काढले. इतिहासाचे साधन म्हणून याला त्याच्या मर्यादा आहेत. भक्त दोष कमी पाहतो, चमत्कार जास्त पाहतो. पण जबानी घेणाऱ्याला पायरी कोणत्या बाजूला होती हे विचारावेसे वाटत नाही.

ही सामग्री आपल्या हाती आली ती सहज नव्हे. चौदाव्या शतकाच्या सुरुवातीच्या धामधुमीत लीळाचरित्राची मूळ प्रत गेली. मग पाठ असलेल्यांनी आठवून आठवून ती पुन्हा लिहिली. पोथ्या परक्यांच्या हाती पडल्या तरी वाचता येऊ नयेत म्हणून सकळ आणि सुंदरी यांसारख्या सांकेतिक लिप्या आल्या. त्या पोथ्या शतकानुशतके मठांत राहिल्या. विसाव्या शतकाच्या सुरुवातीला इतिहासाचार्य राजवाडे यांनी लिपीची किल्ली उलगडली आणि बाहेरच्या मराठी वाचकाला हे दालन दिसले. यवतमाळचे य. खु. देशपांडे, नागपूरचे ह. ना. नेने, पुण्याचे शं. गो. तुळपुळे यांनी एकेक काम केले. स्थानपोथी आणि गोविंदप्रभूंचे चरित्र संपादित करणारे वि. भि. कोलते बुलढाणा जिल्ह्यातले. गोविंदप्रभूंच्या चरित्राचे इंग्रजी भाषांतर अॅन फेल्डहाउस या अमेरिकन विदुषीने १९८४ साली प्रसिद्ध केले, आणि परदेशातल्या विद्यापीठांत रिद्धपूरच्या गल्ल्या वाचल्या जाऊ लागल्या. अमरावतीच्या किती महाविद्यालयांत त्या वाचल्या जातात, हा प्रश्न मी इथे विचारत नाही.

२०२३च्या राज्य अर्थसंकल्पात रिद्धपूरला मराठी भाषा विद्यापीठ करण्याची घोषणा झाली, २०२४ मध्ये पहिले कुलगुरू नेमले गेले. त्याच वर्षी ३ ऑक्टोबरला मराठीला अभिजात भाषेचा दर्जा मिळाला. गावाच्या दृष्टीने या फार मोठ्या गोष्टी. रस्ते येतील, इमारती येतील, दुकाने येतील, आणि यायलाच हवीत. खेड्यातल्या माणसाने वारशाच्या नावाखाली खड्ड्यांतून चालत राहावे असे कोणी म्हणू नये.

माझी काळजी लहान आहे. महानुभावांच्या पुष्कळ स्थानांवर श्रद्धाळूंच्या देणग्यांतून नवी मंदिरे उभी राहिली आहेत. जुन्या दगडावर संगमरवर किंवा टाइल्स आल्या. श्रद्धेच्या दृष्टीने त्यात काही बिघडत नाही, कारण स्थान खालीच आहे. पण नवे दार सोयीच्या बाजूला काढले गेले की पोथीतले दार आणि गावातले दार जुळेनासे होते. रस्ता रुंद झाला की दोन स्थानांमधले अंतर तेच राहते, पण मधली गल्ली जाते. राऊळ या घरातून निघून त्या घरात कसे शिरले हे आजही पायी चालून पाहता येते, ते मग चालता येणार नाही. ताम्रपट संग्रहालयात गेला तरी ताम्रपटच राहतो. ओटा उचलून संग्रहालयात ठेवता येत नाही. रिद्धपूरचा वारसा पोथी आणि जागा या दोन तुकड्यांचा आहे, आणि त्यातला दुसरा तुकडा सुटला तर पहिला केवळ वाङ्मय म्हणून उरेल.

याला फार खर्च नको. स्थानपोथी हातात घेऊन, होकायंत्र आणि टेप घेऊन, गावातल्या शाळेच्या मुलांनी आणि विद्यापीठातल्या विद्यार्थ्यांनी मिळून प्रत्येक ओट्याची आजची दिशा, अंतर, वरचे बांधकाम आणि गावातले बोलीतले नाव लिहून काढावे. मठांतल्या जाणत्या माणसांना विचारावे. दोन माणसांनी दोन जागा सांगितल्या तर म्हाइंभटांप्रमाणे दोन्ही नोंदवाव्या. काटसुरे सोडू नये. मातंगांच्या विहिरीची लीळाही त्या यादीत घ्यावी, आणि त्या वस्तीतल्या म्हाताऱ्या माणसांना विचारूनच घ्यावी. नागदेवाचार्यांनी केशिराजांना संस्कृतात लिहू दिले नाही, कारण त्यामुळे आपल्या म्हाताऱ्या बायका वंचित होतील असे त्यांना वाटले. त्याच बायकांच्या वारसांना आजही गावच्या जागा तोंडपाठ आहेत.

मागच्या खेपेला राजमठाबाहेर पंजाबातून आलेले एक कुटुंब भेटले. तिकडे महानुभावांना जयकृष्णी म्हणतात. त्यांतली आजी थकली होती आणि पुढच्या स्थानाची वाट हिंदीतून विचारत होती. सायकलवरचा दहाबारा वर्षांचा पोरगा थांबला. एक पाय जमिनीवर टेकून त्याने हात लांब केला आणि सांगितले, ‘‘इथून सरके जा ना जी आजी. मोठं दार लागते, त्याले वलांडू नोका. दाराच्या उजव्या हाताले पायरी हाय, तिच्या बाजूलेच ओटा.’’ आजीला शब्द किती कळले कोण जाणे. ती त्याच्या हाताच्या दिशेने चालू लागली.